'कुठपर्यंत आलात?': वाचत असलेल्या कादंबरीबद्दल बोलताना आणि ती सुचवताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धरमपेठेत तुम्ही आठ-दहा वाचक महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमता. सध्या कोणती कादंबरी हातात आहे ते प्रत्येक जण सांगतो, एकमेकांना नावं सुचवता. पण गाडी 'छान आहे, नक्की वाच' याच्यापुढे सरकत नाही आणि सुचवलेलं पुस्तक फारसं कुणी वाचतही नाही. तुम्ही स्वतः नेमाड्यांच्या 'हिंदू' या कादंबरीत दोनशेव्या पानाच्या आसपास थांबला आहात आणि ती सोडावी की रेटावी ते ठरत नाही. आपल्या विदर्भातल्या काही कादंबऱ्या सुचवा, असंही तुम्ही विचारलंत.

माझं नोकरीचं आयुष्य नागपुरातच, ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे गेलं. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला 'कसं वाटलं?' विचारलं की दहातले नऊ जण 'छान होतं' म्हणतात आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतात. त्यात खोटेपणा काही नसतो. प्रश्नच असा आहे की त्याला दुसरं उत्तर देता येत नाही. त्याच माणसाला पुस्तक हातात असताना, मुदत वाढवून घ्यायला आलेला असताना, 'कुठपर्यंत आलात?' एवढंच विचारा. तो थांबतो. मग सांगायला लागतो की अमुक पात्राचं वागणं पटत नाही, मधला प्रवास लांबलाय, कालच्या प्रसंगानं झोप आली नाही. मागे रांग असली तरी तो बोलत राहतो. कादंबरी संपली की वाचक निकाल सांगतो. मध्यावर असताना मात्र तो त्या माणसांशी अजून भांडत असतो, आणि दुसऱ्याला वाचावंसं वाटेल असं काही असेल तर ते त्या भांडणात असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की तुमच्या बैठकीत संपलेल्या पुस्तकांपेक्षा चालू असलेल्या पुस्तकांना जास्त वेळ द्या. प्रत्येकानं पान क्रमांक सांगायचा, आत्ता ज्या प्रसंगात आहोत तो प्रसंग सांगायचा आणि आपल्याला काय खुपतंय ते सांगायचं. कथानक सांगायचं नाही. शेवट फोडण्याची भीती त्यातच निम्मी संपते, कारण सांगणाऱ्यालाच शेवट माहीत नसतो. दोघं-तिघं एकच कादंबरी वाचत असतील तर सगळ्यात मागे जो आहे त्याच्या पानापर्यंतच बोलायचं. हा नियम कडक पाळा. पुढे गेलेल्यानं 'थांब, पुढे बघ काय होतं ते' असं नुसतं म्हटलं तरी मागच्याचं वाचन बिघडतं. तो मग मजकूर वाचत नाही, त्या प्रसंगाची वाट बघत पानं उलटतो.

आता 'हिंदू'. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 2010 साली आली, सहाशे पानांच्या घरातली. चार भागांच्या योजनेतला तो पहिला भाग आहे. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, वडिलांच्या आजारपणाची बातमी येते आणि तो गावाकडे निघतो. कथानक म्हणून बोट ठेवावं असं पुढे फार काही घडत नाही. आठवणी येतात, आठवणींतून माणसं येतात, त्या माणसांच्या आणखी गोष्टी येतात. दोनशेव्या पानावर अडकणारे वाचक मी पुष्कळ पाहिले. बहुतेकांची अडचण एकच होती: ते 'आता मुख्य गोष्ट सुरू होईल' म्हणून थांबलेले असतात. ती सुरू झालेलीच आहे. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याजवळ बसून ऐकावं तशी ती ऐकायची आहे. रोज वीस पानं, कोणत्याही घाईशिवाय. नात्यांचा धागा सुटला तर मागे जाऊन शोधत बसू नका, पुढे चला. माणसं पुन्हा भेटतात.

तरीही जमत नसेल तर खुशाल बाजूला ठेवा आणि आधी 'कोसला' वाचा. ती 1963 सालची, नेमाड्यांच्या पंचविशीतली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्यात शिकायला जातो आणि स्वतःच आपली हकिगत सांगतो. नेमाडे वाक्य कसं तोडतात, गंभीर गोष्ट चालता चालता कशी सांगून टाकतात, हे 'कोसला'त कानाला बसलं की 'हिंदू'ची लय परकी वाटत नाही. मात्र बैठकीत 'कोसला' सुचवताना वय विचारात घ्या. विशीतल्या मुलाला त्यातला कंटाळा आपला वाटतो. पन्नाशीतल्या वाचकाला, विशेषतः ज्यांची मुलं बाहेरगावी शिकतात त्यांना, त्यातले वडील दिसायला लागतात, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग तर काहींना एका बैठकीत वाचवत नाही. हे आधी सांगायला हवं. पुस्तक सुचवणाऱ्यानं कादंबरी कुठे जड आहे आणि कुठे दुखवते ते सांगितलं की ऐकणारा ती उचलतो, असा माझा अनुभव आहे. नुसती स्तुती ऐकलेलं पुस्तक घरी जातं आणि पंधरा दिवसांनी न उघडता परत येतं. तारखेच्या चिठ्ठीवरचे शिक्के पाहूनही मला ते कळायचं.

विदर्भाबद्दल विचारलंत याचा मला विशेष आनंद झाला, कारण आपल्याकडचे चांगले वाचक पुण्या-मुंबईच्या याद्या घेऊन येतात आणि घराजवळचं राहून जातं. माझी पहिली शिफारस उद्धव शेळके यांची 'धग'. 1960 सालची कादंबरी. कौतिक, तिचा नवरा महादेव, मुलं, आणि दोन वेळच्या अन्नासाठीची रोजची झुंज. बाईच्या कष्टांवर मराठीत नंतर खूप लिहिलं गेलं, पण कौतिकसारखी बाई मला पुन्हा फार कमी ठिकाणी भेटली. शेळके तिची कीव करत नाहीत आणि तिला देवीही करत नाहीत. ती चिडते, हिशेब करते, नवऱ्याच्या निष्क्रियतेवर तोंड सोडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहते. लेखक प्रसंग सांगतो आणि बाजूला होतो. शेवट जवळ आला तरी आवाज चढवत नाही.

'धग' कुठे जड आहे? संवाद वऱ्हाडीत आहेत. नागपुरी कानाला वऱ्हाडी अपरिचित नसली तरी छापलेली पाहायची सवय नसते आणि पहिल्या पंधरा-वीस पानांत डोळा अडखळतो. उपाय सोपा आहे, मोठ्यानं वाचा. तुमच्या गटात अमरावती-यवतमाळकडचं कुणी असेल तर एक प्रकरण त्यांना वाचायला सांगा. जे वाक्य कागदावर कठीण वाटत होतं ते ऐकताना आजीच्या तोंडचं वाटतं. आणि चर्चेसाठी एकच प्रश्न पुरेल: या घरात कोण कमावतं आणि कोण ठरवतं? त्यावर दोन तास जातील, कारण प्रत्येकाच्या घरी त्याचं उत्तर वेगळं आहे.

'धग' झाली की लगेच 'बारोमास' घ्या, मध्ये दुसरं काही नको. बुलढाण्याचे सदानंद देशमुख यांची ही कादंबरी, 2004 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, म्हणून शेतीत. जो शिकला तोही मातीतच परत आला आणि मातीही त्याला जगवेना, हा पेच आहे. दोन्ही कादंबऱ्यांमध्ये चाळीसेक वर्षांचं अंतर आहे. कौतिकला वाटतं मुलगा शिकला की दिवस पालटतील. एकनाथ हा तो शिकलेला मुलगा आहे. ही जोडी सलग वाचली की मधल्या चाळीस वर्षांत गावाचं काय झालं ते अहवाल न वाचताही समजतं. 'बारोमास' लांब आहे, काही ठिकाणी शेतीचे तपशील दाट आहेत. शहरात वाढलेले वाचक तिथे पानं ओलांडतात. ओलांडू नयेत. पेरणीपासून बाजारापर्यंत पैसा कुठे कुठे झिरपतो ते त्याच तपशिलांत आहे.

या दोन्हींनंतर वाशीमकडचे नामदेव कांबळे यांची 'राघववेळ' (1995 चा अकादमी पुरस्कार) आणि बाबाराव मुसळे यांची 'हाल्या हाल्या दुधू दे' यांच्याकडे वळता येईल. एकामागून एक मात्र वाचू नका. सलग चार कादंबऱ्या दुष्काळ आणि दारिद्र्याच्या वाचल्या की मन बधिर होतं आणि चौथीवर अन्याय होतो.

नागपूर शहराचं म्हणाल तर दोन नावं मी आग्रहानं सांगेन, आणि ती दोन टोकांची आहेत. एक आशा बगे. 'भूमी'ला 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2023 साली त्यांना जनस्थान पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांबद्दल 'काही घडतच नाही' अशी तक्रार मी टेबलावर ऐकली आहे. घडतं, पण माणसाच्या आत. घरातल्या दोन माणसांमध्ये एक वाक्य बोललं जात नाही आणि त्यावर पुढची पन्नास पानं उभी राहतात. घाईत असलेल्या, ट्रेनमध्ये वाचणाऱ्या माणसाला मी आशाताईंचं पुस्तक देत नसे. ज्यांच्या घरी नुकतं कुणी गेलंय, मुलगी सासरी गेलीय, निवृत्ती झालीय, त्यांना देत असे, आणि ते वाचक दुसरं पुस्तक मागायला परत येत.

दुसरे नंदा खरे. जन्म नागपूरचा, पेशानं स्थापत्य अभियंता, नागपुरातून सुरू झालेल्या 'आजचा सुधारक' मासिकाशी दीर्घकाळ जोडलेले. 2022 साली ते गेले. तुमच्या गटात 'स्वामी' आणि 'पानिपत'वर प्रेम करणारे लोक आहेत, असं तुम्ही लिहिलंत. त्यांनी पुढे काय वाचावं याला माझं उत्तर 'अंताजीची बखर'. अठराव्या शतकातला एक साधा माणूस आपली बखर सांगतोय. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आपण शाळेत अभिमानानं वाचल्या. इथे त्या काळाकडे दरबारातून न बघता, धुळीत चालणाऱ्या माणसाच्या उंचीवरून बघायला मिळतं. 'स्वामी'त माधवराव आणि रमाबाईंच्या नात्यानं डोळे पाणावतात, आणि ते पाणावणं खरंच आहे. रणजित देसाईंचं सामर्थ्य तेच आहे. पण इतिहास ज्यांच्या पाठीवरून गेला त्या माणसांना त्यात जागा कमी. ती जागा नंदा खऱ्यांनी दिली. जुन्या वळणाची भाषा पहिल्या प्रकरणात वेळ घेते, हे सुचवताना सांगून ठेवा.

त्यांचीच 'उद्या' तरुणांना द्या. नजीकच्या भविष्यात घडते. माणसांवरची पाळत, कंपन्यांची सत्ता, मुलींचं घटतं प्रमाण, असे अनेक धागे शेजारी शेजारी चालतात. 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. हातातल्या फोनकडे बघून अस्वस्थ होणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला ही कादंबरी लगेच धरते. मोठ्या वयाच्या वाचकांना तुटक मांडणीचा त्रास होतो. त्यांनी सुरुवातीला प्रत्येक धाग्यातलं मुख्य माणूस कागदावर टिपून ठेवावं, इतकं केलं तरी पुरतं.

तुमच्याकडे प्रत्येक बैठकीत कुणीतरी 'मृत्युंजय' सुचवतंच, अशी तुमची तक्रार. मला ती तक्रार वाटत नाही. 1967 पासून शिवाजी सावंतांच्या या कादंबरीनं मराठी माणसाला जाडजूड पुस्तक पूर्ण करण्याचा आत्मविश्वास दिलाय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आयुष्यात एकच कादंबरी वाचलेली माणसं असतात आणि ती बहुतेक वेळा हीच असते. प्रश्न एवढाच की तिच्यावर बोलताना सगळे कर्णाच्या दुःखापाशी थांबतात. पुढच्या वेळी रचनेवर बोलून बघा. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. द्रौपदीला मात्र बोलू दिलेलं नाही. तिचा जबाब त्या पुस्तकात असता तर वस्त्रहरणाच्या प्रसंगात आपण कर्णाला किती सहज माफ केलं असतं? लगोलग खांडेकरांची 'ययाति' काढा. ती 1959 ची. तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात, पण ज्याचं तारुण्य बापानं मागितलं तो पुरू निवेदक नाही. लेखकानं कुणाला बोलू दिलं नाही, हा प्रश्न घेऊन या दोन कादंबऱ्या पुन्हा वाचल्या तर तुमच्यातल्या तीनदा वाचलेल्यांनाही त्या नव्या वाटतील. सर्वांनी वाचलेली पुस्तकं चर्चेसाठी निरुपयोगी असतात असं अजिबात नाही. उलट कथानक सांगण्यात वेळ जात नाही, सरळ मुद्द्याला हात घालता येतो.

वेळ कमी असलेल्यांसाठी, आणि गटानं एकत्र वाचण्यासाठी, छोट्या कादंबऱ्या फार उपयोगाच्या. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 ची. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर नाझी छळातून पळालेले ज्यू निर्वासित, परत येणारा चक्रधर आणि हॅर्टा. दोन रात्रींत वाचून होते. लिहिली गेली तेव्हा दुसरं महायुद्ध नुकतंच तोंडावर होतं, पुढे काय भयंकर घडणार ते लेखकालाही माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, म्हणून आज ती जास्त टोचते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आकारानं तशीच. माणदेशातली धनगरांची वस्ती आणि तिथे आलेला तरुण मास्तर. शिक्षकी पेशातला कुणी तुमच्यात असेल तर बोलायला त्यांनाच पुढे करा. मुलांसोबत वाचायची असेल तर मिलिंद बोकीलांची 'शाळा'. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं. चित्रपट पाहिलाय म्हणून अनेक जण पुस्तक टाळतात, पण मुकुंदाच्या डोक्यात चाललेलं बोलणं पुस्तकातच पुरतं ऐकू येतं.

हिंदीबद्दल एक सांगायचं राहिलं. आपण नागपूरकर हिंदी मुळातून वाचू शकतो, ही मोठी सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. विनोदकुमार शुक्ल यांची 'दीवार में एक खिड़की रहती थी' मूळ हिंदीतच वाचा. रघुवर प्रसाद नावाचा गरीब प्राध्यापक, नवी नवी बायको, एक खोली आणि त्या खोलीची खिडकी. 'धग' आणि 'बारोमास'नंतर मन जड झालं असेल तेव्हा ही द्या. गरिबी त्यातही आहे, पण सुखही तितक्याच खरेपणानं लिहिलंय, आणि सुख लिहिणं फार कमी कादंबरीकारांना साधलंय. 1999 चा अकादमी पुरस्कार तिला आहे. कन्नडचं म्हणाल तर उमा कुलकर्णींनी केलेले भैरप्पांचे अनुवाद वाचनालयात कधीच कपाटात टिकत नाहीत. 'वंशवृक्ष'पासून सुरुवात करा.

पुस्तकं मिळण्याबाबत. विदर्भ साहित्य संघ आपल्या बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, झाशी राणी चौकात आहे. 1923 मध्ये स्थापन झालेली संस्था, वैदर्भीय लेखकांची जुनी पुस्तकं शोधायची तर पहिली चौकशी तिथे करा. बर्डीवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडेही चक्कर टाकत राहा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं डोक्यावरचं गाठोडं सांभाळत पुस्तकं विकत घेतात. दरवर्षी बघतो, दरवर्षी ऊर भरून येतो. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' तिथूनच घ्या. 1959 च्या या कादंबरीची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला आहे. ती तुमच्या यादीत कुठेच नव्हती, म्हणून मुद्दाम सांगतो. उपाशी माणसांसाठी बंड करणाऱ्या फकिराची गोष्ट वेगानं धावते, आणि 'जड कादंबरी नको' म्हणणाऱ्या सदस्याला द्यायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

लांब कादंबऱ्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. मे महिन्यात दुपारी बाराला दारं बंद झाली की संध्याकाळपर्यंत कूलरसमोर वाचण्याशिवाय करण्यासारखं फारसं नसतं, 'हिंदू' तेव्हा होईल. सध्या सुरुवात 'रणांगण'नं करा, ती सगळ्यांची एका महिन्यात सहज वाचून होते. मग 'धग', पण दोन बैठकांत विभागून, आणि पहिल्या बैठकीचं शेवटचं पान आधीच सगळ्यांना कळवून. त्या दोन महिन्यांत बाकी जो जे काय वाचत असेल त्यानं फक्त तीन-चार मिनिटं घ्यायची, पान क्रमांक सांगून. सुचवायचंच असेल तर गटातल्या एका माणसाचं नाव घेऊन सुचवावं, 'हे तू वाच, या कारणासाठी, अमुक पानापर्यंत धीर धर' असं. सगळ्यांना म्हणून सुचवलेलं पुस्तक कुणाचंच नसतं आणि ते कुणी घरी नेत नाही. प्रती कमी पडल्या तर दोन घरांत एक पुरते. आधी कोण वाचणार ते तेवढं ठरवून घ्या.